पहिला मेकॅनिकल कीबोर्ड, अडीच हजारांत: मराठी टंकनासाठी कोणता घेऊ?

मृण्मयी | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

मी गेली दोन वर्षं घरून मराठी टंकन आणि अनुवादाची कामं करते. रोज पंधरा-सोळा पानं होतात, सगळी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर. लॅपटॉपचा कीबोर्ड आता पार थकलाय. 'त' तीनदा दाबला की दोनदा उमटतो. परवा मिळकतकरावरच्या एका अहवालात 'करतात'चं 'करात' झालं. विषयच कराचा, त्यामुळे वाचताना माझ्याही नजरेतून सुटलं आणि ग्राहकाने लाल खूण करून पान परत पाठवलं. फार वाईट वाटलं.

तात्पुरता साडेतीनशेचा साधा कीबोर्ड आणला, पण तासाभरात बोटं भरून येतात. एका मैत्रिणीकडे मेकॅनिकल वापरून पाहिला आणि तेव्हापासून तोच डोक्यात आहे.

अडचण अशी की मी सदाशिव पेठेत खोलीवर राहते. आम्ही तिघी. एक एमपीएससीचा अभ्यास करते आणि पहाटे पाचला अभ्यासिकेत जाते, म्हणजे दहाला झोपते. माझं खरं काम रात्री दहा ते एक. तिची झोप मोडून मला काम करायचं नाही. बजेट अडीच हजार, त्याच्या वर एक रुपयाही नाही, कारण पुढच्या महिन्यात डिपॉझिटचे पैसे द्यायचेत.

काय घेऊ? जालावर नुसते दिव्यांचे फोटो दिसतात, मराठी लिहिणाऱ्याला काय लागतं ते कुणीच सांगत नाही.

चिंचवडकर | मंगळवार, सकाळी ८.१५

मृण्मयी, ब्रँड नंतर बघू, आधी स्विच समजून घे.

साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराची एकच चादर असते, तिच्यावर घुमटासारखे फुगे. फुगा पुरता खाली बसल्याशिवाय अक्षर उमटत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला बोट तळावर आपटतं. तुझी बोटं भरून येतात ती यामुळेच. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच, त्यात स्प्रिंग आणि धातूची पट्टी. उदाहरण म्हणून चेरी कंपनीचा एमएक्स रेड हा स्विच घे: कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. हात बसला की बोट तळापर्यंत न्यावंच लागत नाही.

मुख्य जाती तीन. रेड, म्हणजे लिनिअर: सरळ खाली जातो, मध्ये काही जाणवत नाही. ब्राउन, म्हणजे टॅक्टाइल: अर्ध्या वाटेवर बोटाला हलका उंचवटा लागतो, अक्षर उमटल्याचं कळतं. ब्लू, म्हणजे क्लिकी: उंचवटाही आणि वर 'टिक्' असा मोठा आवाज. चेरीच्या मापाने रेडला साधारण ४५ ग्रॅमचा दाब लागतो, ब्राउनला ५५, ब्लूला ६०.

चेरीने एमएक्स स्विच पहिल्यांदा १९८०च्या दशकात काढले. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, केल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे आणि बहुधा त्याच रंगांचे स्विच बाजारात आणले. आज दोन हजारांत मेकॅनिकल मिळतो तो या कंपन्यांमुळे. तुझ्या बजेटमध्ये बहुतेक आउटेमूच येतील आणि लिहिण्याच्या कामाला ते उत्तम चालतात.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ९.०२

ब्लू घेऊ नकोस. हे मी पोळल्यावर सांगतेय.

नारायण पेठेत वाड्यात राहायचो तेव्हा मी हौसेने ब्लू घेतला होता. मधली भिंत लाकडी फळ्यांची. पलीकडच्या आजींना रात्रभर कुणीतरी सुपारी कातरतंय असं वाटायचं. त्या कधी बोलल्या नाहीत, त्यांच्या सुनेने सांगितलं, आणि मला इतकी शरम वाटली की दुसऱ्याच दिवशी तो कीबोर्ड ऑफिसात नेऊन ठेवला. कळांखाली रबराच्या बारीक रिंगा घालतात तो उपायही केला होता. त्याने तळाला आपटण्याचा आवाज कमी होतो, टिक् तसाच राहतो, कारण तो स्विचच्या पोटातून येतो.

आवाज सोडला तर ब्लूवर लिहायला मला फार आवडायचं, हेही खरं. बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत टीव्हीएस गोल्ड पाहिला असशील. त्यात चेरीचे ब्लूच असायचे. पंधरा-पंधरा वर्षं चाललेले बघितलेत मी. पण झोपलेल्या माणसाच्या उशाशी ते काम नाही.

जुना टंकनिक | मंगळवार, दुपारी ४.३०

मृण्मयी, तू विचारलंस की मराठी लिहिणाऱ्याला काय लागतं. माझी टंकलेखन संस्था होती, आधी गोदरेजच्या मशीनवर आणि पुढे संगणकावर मुलांना शिकवलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इनस्क्रिप्टची मांडणी तुझ्या बोटांना पाठ आहे, पण ती एकदा डोळ्यांनी बघ. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क्रमांक' लिही: के, डी, जे, सी, ई, एक्स, के. हलन्त डीवर आहे, म्हणजे प्रत्येक जोडाक्षराला डाव्या हाताचं मधलं बोट कामाला लागतं. हात आलटून पालटून चालतात, म्हणून इनस्क्रिप्टवर वेग चांगला मिळतो.

आता 'आणि' लिही. शिफ्ट धरून ई, शिफ्ट धरून सी, मग एफ. ई आणि सी दोन्ही डाव्या हाताच्या कळा, तेव्हा शिफ्ट धरायची ती उजवी. 'आहे', 'आपण', 'असे', 'एक', 'उत्तर', कोणताही शब्द स्वराने सुरू झाला की उजवी शिफ्ट आलीच. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला नाहीतर नावाला लागते. मराठीत ओळीत चार-पाच वेळा सहज लागते. एका पानात करंगळी तिथे किती वेळा जाते ते स्वतः मोजून बघ.

म्हणून माझं सांगणं एकच: उजवी शिफ्ट लांब हवी. छोट्या कीबोर्डांत बाणांच्या कळा घुसवण्यासाठी पहिला बळी या शिफ्टचा जातो. काहींमध्ये ती एका अक्षराएवढीच उरते. इंग्रजी लिहिणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही, तुझी करंगळी मात्र दर ओळीला शेजारच्या बाणावर पडेल आणि कर्सर वरच्या ओळीत उडी मारेल.

दुसरं, उजवीकडच्या टोकाच्या कळा. 'च' अर्धविरामावर, 'ट' अवतरणचिन्हावर, 'ड' चौकटी कंसावर, 'य' स्लॅशवर. इंग्रजीवाला यांना किरकोळ समजतो, आपली ही रोजची अक्षरं. दुकानात गेलीस की 'दुसऱ्याच्या' लिहून बघ. त्यात शिफ्ट आणि जेचा ऱ येतो, डीचा हलन्त दोनदा, स्लॅशचा य दोनदा आणि अर्धविरामाचा च. हा एक शब्द जिथे न अडखळता लिहिता येईल तो कीबोर्ड तुझा.

मृण्मयी | मंगळवार, रात्री १०.५०

काका, मी आत्ता एका पानात उजवी शिफ्ट मोजली. ६३ वेळा! इतकी वर्षं लिहितेय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

अनुस्वारताई, ब्लू बाद. चिंचवडकर, रबराच्या चादरीचं आता नीट डोक्यात शिरलं.

एक ६१ कळांचा सोळाशेला दिसतोय. त्यात उजवी शिफ्ट लांब आहे. टेबल लहान असल्याने आकारही सोयीचा वाटतो. तो घेऊ का?

रानवारा | मंगळवार, रात्री ११.२०

थांब, घेऊ नकोस!

मी ६१ कळांचा वापरलाय, तोही मराठीसाठी. त्यात बाणांच्या वेगळ्या कळा नसतात, एफएन नावाची कळ धरून बाण चालवायचे. अनुवाद करताना एका ओळीतून दुसऱ्या ओळीत तू सारखी ये-जा करणार, प्रत्येक वेळी दोन हात गुंतणार.

त्याहून वाईट म्हणजे माझ्या बोर्डावर वरचा बाण स्लॅशच्या कळीवरच होता. एफएनसोबत आणखी एक कळ चुकून दाबली गेली की ती कळ कायमची बाण व्हायची. स्लॅश म्हणजे आपला 'य'. एका संध्याकाळी अचानक 'य' यायचाच बंद झाला. मी विंडोज पुन्हा टाकायला निघालो होतो, तेवढ्यात माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत ती जोडी सापडली. तोवर दोन तास गेले होते आणि काम सकाळी द्यायचं होतं.

८७ कळांचा घे, त्याला टीकेएल म्हणतात. उजवीकडचा आकड्यांचा ठोकळा तेवढा नसतो, बाकी सगळं जागच्या जागी. टेबलावर माउसला जागा उरते.

जुना टंकनिक | बुधवार, सकाळी ६.४५

रानवाराशी पूर्ण सहमत. ८७.

सहजच | बुधवार, सकाळी १०.१०

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. बजेट इतकं ताणलेलं असताना मेकॅनिकल हवाच का? सातशे-आठशेचा चांगल्या कंपनीचा साधा कीबोर्ड घे, उरलेले डिपॉझिटला ठेव. बोटं दुखण्याचं कारण पुष्कळदा टेबलाची उंची असतं. माझी बायको स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम करायची, मनगटं सुजली होती. खुर्ची-टेबल बदलल्यावर थांबलं.

चिंचवडकर | बुधवार, सकाळी १०.५५

सहजच, मुद्दा अगदी योग्य आणि तो आधी मीच सांगायला हवा होता. मृण्मयी, कोपर आणि कीबोर्ड साधारण एका पातळीत हवेत. कीबोर्डाच्या मागचे पाय उघडू नकोस. ते उघडले की मनगट मागे मुडपतं आणि ताण तिथेच येतो. मेकॅनिकल साध्यापेक्षा उंच असतो, तेव्हा तळव्यांखाली जुन्या पंचाची घट्ट घडी ठेव, विकतची उशी लागत नाही. आणि बोटांना मुंग्या येत असतील तर कीबोर्ड राहू दे, आधी डॉक्टरांना दाखव.

पण रोज सोळा पानं लिहिणाऱ्या माणसाला हत्यार चांगलंच हवं, यावर मी ठाम आहे. शिंप्याला कुणी कात्रीवर पैसे वाचव म्हणत नाही.

निळी शाई | बुधवार, दुपारी १.२०

मी कीबोर्ड दुरुस्तीची हौस करतो. हौसच, धंदा नाही. घेताना काय बघायचं ते सांगतो.

'मेकॅनिकल फील' किंवा 'सेमी मेकॅनिकल' असं खोक्यावर लिहिलं असेल तर तो मेकॅनिकल नाही. आत तीच रबराची चादर. ओळखायचं असेल तर एक कीकॅप, म्हणजे कळीची वरची टोपी, उपटून बघ. खाली प्रत्येक कळीला स्वतंत्र चौकोनी डबी आणि तिच्या मधोमध अधिकच्या चिन्हाचा रंगीत दांडा दिसला पाहिजे. डबी नाही आणि दांडा कीबोर्डाच्या अंगातूनच वर आलाय, तर खाली ठेव आणि पुढे चल.

दुसरं म्हणजे हॉट-स्वॅप. स्विच डाग देऊन कायमचे बसवलेले नसतात, चिमट्याने ओढून काढता येतात. कमी बजेटमध्ये मी याच गोष्टीला सगळ्यात जास्त मान देतो. दोन वर्षांनी तुझा 'त' बिघडला तर पंधरा-वीस रुपयांचा एक स्विच बदलायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, अख्खा कीबोर्ड टाकायचा नाही. तीन-चार जास्तीचे स्विच डबीत येतात ते जपून ठेव. फक्त एक लक्षात ठेव, स्वस्तातल्या काही बोर्डांची भोकं अरुंद असतात, त्यांत आउटेमूचेच तीन पायांचे स्विच बसतात. पाच पायांचे आणलेस तर प्लॅस्टिकचे दोन जास्तीचे पाय कापावे लागतात.

एका कळीतून दोनदा अक्षर उमटायला लागलं तर घाबरू नकोस, पावसाळ्यात आणि धुळीत होतं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली मिळते. कीबोर्डाची वायर संगणकातून काढायची, दोन थेंब स्विचमध्ये सोडायचे, वीसेक वेळा कळ दाबायची, पूर्ण वाळू द्यायचं.

ब्लूटूथचा मोह सोड. त्याच किमतीत बॅटरी आणि रेडिओचे पैसे स्विचमधून कापलेले असतात. तारेचाच घे, तार सुटी होणारी असली तर उत्तम.

मृण्मयी | बुधवार, रात्री ११.०५

किती नीट सांगताय तुम्ही सगळे. सहजच, राग कसला, टेबलाखाली दोन विटा होत्या त्या आज काढल्या आणि खरंच फरक पडला.

दोन शंका. एक, रेड की ब्राउन? आणि दुसरी, कीकॅपवर देवनागरी अक्षरं नसतात, तर स्टिकर लावू का?

अनुस्वार | बुधवार, रात्री ११.३०

रेड सगळ्यात शांत. पण नवख्या बोटांकडून रेडवर चुकून कळा दाबल्या जातात, कारण बोट नुसतं टेकलं तरी ती खाली सरकते. मी आता ब्राउनवर आहे, रात्री चालतो.

जुना टंकनिक | गुरुवार, सकाळी ६.३०

स्टिकर नकोत. सोळा पानं लिहिणाऱ्या मुलीने खाली बघायचंच नाही. एफ आणि जेवर बारीक उंचवटे असतात, आपल्याकडे तिथे 'ि' आणि 'र'. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची आठ बोटं आपापल्या घरी जातात.

आणि रेड की ब्राउन हे आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नाही. पीएमपीच्या बसने जा, दोन-तीन दुकानं फीर, हात लाव. एक परिच्छेद लिहू देत नाही त्या दुकानातून घेऊ नकोस.

चिंचवडकर | गुरुवार, सकाळी ९.४०

नावं हवी असतील तर तुझ्या पट्ट्यात कॉस्मिक बाइट, रेडगिअर, अँट एस्पोर्ट्स, झेब्रॉनिक्स बघ, आणि रेडड्रॅगनचा के५५२ हा जुना ८७ कळांचा बोर्ड बघ. एकाच नावाच्या बोर्डात वेगवेगळे स्विच येतात, तेव्हा खोक्यावरचा रंग वाचूनच पैसे दे. कीक्रॉनचे सुंदर असतात, पण अडीच हजारांत बसवायच्या नादात तू कर्ज काढशील, ते नको.

मृण्मयी | रविवार, रात्री ९.१५

घेतला!

शनिवारी तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात खोकं उघडायलाच नकार. दुसऱ्यात सगळे ब्लू. तिसऱ्यातल्या दादांनी मात्र स्टूल दिलं, संगणकाला जोडून दिला आणि म्हणाले, लिही किती लिहायचंय ते. 'दुसऱ्याच्या' दहा वेळा लिहिलं, मग 'आणि आपण एकत्र' असं काहीतरी. रेडवर माझा 'े' सारखा आपोआप उमटत होता, डाव्या हाताचं बोट जड पडतं वाटतं. ब्राउनवर एकदाही नाही.

८७ कळा, आउटेमू ब्राउन, हॉट-स्वॅप, सुटी तार, २,२५० रुपये, एक वर्षाची हमी. पावतीवर स्विचचा रंग लिहून घेतला.

पण एक अडचण आहे. बाकीच्या कळा शांत आहेत, स्पेसबार मात्र पत्र्याच्या डब्यासारखा खडखडतो. काल रात्री खोलीतली मैत्रीण उठून बसली. म्हणाली, "बाकी काही नाही गं, तो एक ठक् ठक् येतो तेवढा."

निळी शाई | रविवार, रात्री ९.५०

अभिनंदन! तो स्टॅबिलायझर. लांब कळांना दोन्ही बाजूंनी आधार द्यायला खाली वाकवलेली तार असते, ती कोरडी असली की प्लॅस्टिकवर वाजते. डायइलेक्ट्रिक ग्रीसची छोटी ट्यूब आण. स्पेसबार दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचल, तिरका ओढू नकोस, तार वाकेल. तारेची टोकं जिथे प्लॅस्टिकमध्ये जातात तिथे टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लाव. स्विचला लागू देऊ नकोस. एंटर आणि दोन्ही शिफ्टनाही तेच कर, तुझी उजवी शिफ्ट दिवसभर राबणार आहे. आणि कीबोर्डाखाली नॅपकिन दुहेरी घालून ठेव, टेबलाचं लाकूड घुमतं ते थांबेल.

रानवारा | सोमवार, सकाळी ८.००

नॅपकिनला अनुमोदन. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडतो.

मृण्मयी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १२.३५

उशिरा लिहितेय, कामं होती.

ग्रीस लावलं. पहिल्यांदा जास्त झालं, स्पेसबार वर यायला आळस करायला लागला, मग पुसून पुन्हा लावलं. आता स्पेसचा आवाज पुस्तक गादीवर ठेवल्यासारखा येतो. मैत्रीण आत्ता माझ्या मागे दीड हातावर झोपलीय, तोंड भिंतीकडे करून, आणि मी हे सगळं तिच्या झोपेत लिहितेय.

पहिला आठवडा वेग कमी झाला होता. जुन्या सवयीने प्रत्येक कळ तळाला आपटत होते. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री लक्षात आलं की 'क्रमांक' लिहिताना बोटं खाली टेकतच नाहीयेत, उंचवट्यावरून परत येताहेत. काका, तुम्ही समोर असता तर दाखवलं असतं. काल अठरा पानं झाली आणि हात दुखला नाही.

अहवालवाल्या ग्राहकाचं पुढचं काम आलंय, पुन्हा मिळकतकरच. पहिल्याच पानावर 'करतात' सात वेळा आहे. सातही नीट उमटलेत.

जुना टंकनिक | रविवार, सकाळी ६.२०

वाचून फार बरं वाटलं, पोरी. आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून झटकत जा, आणि चहा डाव्या हाताला ठेवत जाऊ नकोस.

सहजच | रविवार, सकाळी ११.४५

निळी शाई, ते ग्रीस तपकीर गल्लीत नक्की कुठल्या दुकानात मिळतं? बायकोसाठी मीही ब्राउनच बघतोय.